हजेरीचा अंगठा

गावाचं नाव सांगत नाही. अमडापूरहून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. हल्ली कुठं काय लिहिलं आणि ते कोण वाचत बसलंय, याचा भरवसा राहिलेला नाही. ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याच्या वाट्याला जे यायचं ते येऊन गेलंय, त्यात माझी आणखी भर नको.

माणसाचं नाव वामनराव. घरची थोडी कपाशी, थोडं सोयाबीन, मोठेपणा सांगावा असं काही नाही. पण आजूबाजूच्या गावांत ते ओळखले जायचे तिरडीसाठी. कुणाच्या घरी कोणी गेलं की घरचे लोक रडायला मोकळे आणि वामनराव बांबू-सुतळीला मोकळे. हिरवा बांबू पारखून आणायचा, आडव्या पट्ट्या बसवायच्या आणि गाठ अशी मारायची की खांदे बदलताना गेलेल्या माणसाची मान इकडची तिकडं होऊ नये. पाटलाच्या वाड्यातलं मयत असो की बौद्धवाड्यातलं, वामनराव हजर. "लग्नाले नाई गेलं तं चालते," ते म्हणायचे, "लग्नातले माणसं उद्या बजारात भेटतात. मातीले गेलंच पाह्यजे. तो माणूस पुन्हा कुठी भेटते?"

असा मातीला धावणारा माणूस गावात एखादाच असतो, आणि गाव त्याला फुकटचा समजून वापरतं. पण त्याबद्दल त्यांची तक्रार कधी नव्हती.

त्यांचा जिवाचा दोस्त म्हणजे जानराव. एसटीत कंडक्टर होता. बौद्धवाड्यात घर, पण अर्धा वेळ वामनरावांच्या ओट्यावर. वामनरावांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सोसायटीत, बँकेत, तलाठ्याकडं जिथं तिथं निळ्या शाईत अंगठा बुडवायचा आणि बाहेर येऊन धोतराला पुसायचा. जानरावला याची भारी चीड. एका उन्हाळ्यात त्यानं ओट्यावरच पाटी मांडली आणि या तिशीतल्या घोड्याला अक्षरं गिरवायला बसवलं. "अंगठा लावू नको बे वामन्या," तो म्हणायचा, "अंगठा म्हनजे माणसानं सोताहून कापून देल्ला हात असते. सही कर." वामनराव सही शिकले, मग हळूहळू वाचायला, मोडकंतोडकं लिहायला शिकले. पहिली सही केली तेव्हा कागदाच्या बाहेर गेली होती, टेबलावरसुद्धा थोडी उमटली होती. त्यानंतर त्यांनी कुठंही अंगठा दिला नाही. रेशनच्या मशीनवर द्यावा लागला तेव्हासुद्धा दुकानदाराला सांगून ठेवलं, "हे मशीन अडाणी हाये म्हनून देतो. मले सही येते."

रिटायर झाल्यावर जानराव मोताळ्याला पोराकडं राहायला गेला. पोरगा प्रसेनजित तिथं शिकवणी घेतो. गावात तीन एकर अजून त्यांच्याच नावावर. जाताना जानरावनं वामनरावांना बजावलं होतं, "माह्या तिरडीची गाठ तूच मारजो. बाकीच्याइची ढिल्ली असते." वामनराव म्हणाले, "मीच पयले गेलो तं?" तर जानराव म्हणे, "मंग मी तुले सुतळीनं नाई, एसटीच्या पट्ट्यानं बांधतो." दोघं खूप हसले. हसण्यावारी झालं, पण ठरलं.

पुढं वामनरावांचे गुडघे गेले. खांदा देणं सुटलं, मग दुसऱ्या गावची माती सुटली. माणूस घरात कोंडल्यासारखा झाला. तेव्हा प्रेरणानं, त्यांच्या धाकट्या लेकीनं, मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला आणि गावाच्या ग्रुपात टाकून दिलं. गावातले, पुण्या-सुरतला गेलेले, लेकी दिलेल्या घरचे, सगळे त्यात. कुणाचं निधन, कुणाचं बारसं, सोयाबीनचा भाव, हरवलेली म्हैस, सगळं तिथं यायचं. आणि खाली बोटांची, हातांची चित्रं. प्रेरणानं दाखवलं, "बाबा, हा अंगठा दाबला का समोरच्याले समजते, तुम्ही पाह्यलं म्हनून."

झालं. वामनरावांना तेवढंच पाहिजे होतं. ज्या माणसानं सही आल्यापासून अंगठा टाळला, त्यानं या अंगठ्याला मात्र जीव लावला. कारण हा अंगठा त्यांच्या लेखी 'कबूल आहे' असा नव्हता, 'आवडलं' असाही नव्हता. हा म्हणजे 'मी आलो होतो, दारात बसून गेलो.' ही हजेरी होती. मयताच्या बातमीलाही ते अंगठाच द्यायचे. सुरतच्या कुण्या पोरानं एकदा टोकलं, "काका, मौतीवर अंगठा देतात का?" वामनरावांना त्याचा राग आला. मौतीवरच हजर राहायचं नाही तर कशावर? सकाळी चहा झाला की चष्मा लावायचा, रात्रीपासून आलेलं सगळं वरून खालपर्यंत बघत यायचं आणि एकही मेसेज बिनहजेरीचा राहू द्यायचा नाही. वाचून द्यायचे असंही नाही. मातीला जाताना माणूस कसा मेला हे विचारून कोण जातं?

त्या ग्रुपात एक नंबर होता. फोटोच्या जागी झेंडूचं फूल. नाव नाही, कधी बोलणं नाही, कधी कुणाला शुभेच्छा नाहीत. कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हतं. जो तो म्हणे, असेल कोणाचा जावई. वामनरावांना त्याचं वाईट वाटायचं. एवढ्या गर्दीत एक माणूस कोपऱ्यात गप बसलाय आणि त्याला कोणी पाणीही विचारत नाही, हे त्यांना कसंसंच होई. म्हणून ते त्याला वेगळा मेसेज करायचे. "जेवले का बाबू?" मेसेजपुढच्या दोन रेघा निळ्या व्हायच्या, म्हणजे वाचलं. उत्तर यायचं नाही. वामनराव म्हणायचे, लाजाळू असेल बिचारा. रोजचा नेम झाला, झेंडूवाल्याला जेवण विचारायचं.

मग ती मोजणी आली. गावाच्या वरच्या अंगानं नवा रस्ता जायचा होता आणि ज्यांच्या जमिनीतून जायचा त्यांच्याशी कोणी धड बोललंही नव्हतं. प्रसेनजितची तीन एकर त्यातच. त्यानं ग्रुपात लिहिलं, की उद्या सकाळी सगळ्यांनी शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी यावं, आधी आपलं ऐकून घ्यावं, तोवर मोजणी होऊ द्यायची नाही. लपूनछपून नाही, नावानिशी लिहिलं. त्याच्या वर कोणाच्या तरी तेरवीचं निमंत्रण होतं आणि खाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. वामनरावांनी तेरवीला अंगठा दिला, मोजणीला अंगठा दिला, नातवाला अंगठा दिला. आणि फोन बाजूला ठेवून तुरीच्या शेंगा सोलत बसले.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर गलका झाला. कोण्या दीडशहाण्यानं मोजणीवाल्यांच्या गाडीवर दगड मारला आणि काच फुटली. प्रसेनजित त्या वेळी हात जोडून लोकांना मागं सारत होता, असं बघणारे सांगतात. पण गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, आणि वामनरावांना ठाण्यातून बोलावणं आलं.

प्रेरणा सोबत गेली. तिचा चेहरा उतरला होता, आणि त्याला कारण होतं. आरोग्य खात्यात तिची निवड झाली होती. तीन वेळा परीक्षा देऊन, चौथ्यांदा यादीत नाव लागलं होतं. आता फक्त पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी यायची बाकी होती, तीही ह्याच ठाण्यातून.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं वामनरावांना खुर्ची दिली, गुडघे पाहून. मग फोनवरचं एक चित्र समोर धरलं. प्रसेनजितचा मेसेज, आणि त्याखाली अंगठा दिलेल्यांची नावं. "हे तुम्हीच ना?"

"हो साहेब."

"म्हणजे तुमची संमती होती."

"नाई साहेब. हजेरी होती."

साहेबाला ते कळलं नाही. वामनरावांनी आपल्या परीनं समजावून सांगितलं: मातीला जाता येत नाही, गुडघे असे, म्हणून जो येईल त्याला अंगठा. हा बघा, तेरवीलाही दिलाय. साहेब म्हणाला, "काका, तुमच्या मनात काय होतं ते फोनात दिसत नाही. फोनात अंगठा दिसतो." बोलणं खरं होतं. धोतराला शाई पुसून पुसून जो अंगठा त्यांनी अंगावरून काढला होता, तो असा फिरून आला आणि टेबलावर बसला.

तेवढ्यात कोपऱ्यात साध्या कपड्यात बसलेला एक तरुण शिपाई उठला. पाण्याचा पेला वामनरावांच्या हातात देताना वाकून हळूच म्हणाला, "जेवलो काका. आज जेवलो."

वामनरावांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांना एक क्षण वाटलं, पोरगा आपल्याला ओळखतो, कोण्या मातीला भेटला असेल. मग त्यांना ते झेंडूचं फूल आठवलं. कोपऱ्यातला गप माणूस, ज्याला कोणी पाणी विचारत नव्हतं, तो त्यांनाच पाणी देत होता. "बाहेर बोलू नका," तो पुटपुटला, "तुमच्या पोरीचं काम आहे म्हणून सांगतो." यात धमकी होती की माया, हे वामनरावांना आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं.

साहेबानं समज देऊन सोडलं. वर एवढंच म्हणाला, की चौकशी चालू आहे, त्या मुलाच्या संपर्कात राहू नका, उगाच नाव पुढं जाईल. वाटेत वामनरावांनी प्रेरणाला झेंडूवाल्याचं सांगितलं. घरी आल्यावर ती फोन घेऊन बसली. वडिलांचा फोटो काढून टाकला. ते कधी फोन उघडतात हे कोणाला दिसणार नाही असं केलं. फोनला कुलूप लावलं, कुलपाला आकडा लावला.

"हे कायले?" वामनरावांनी विचारलं.

"बाबा, दाराले कडी लावतो तसं हे. आपलं आपल्यापाशी राहाले पाह्यजे."

"दिवसाढवळ्या कडी लावली का लोक समजतात घरात काई बरंवाईट झालं."

"बरंवाईट झालंच ना," प्रेरणा म्हणाली आणि तिला रडू आलं. "तो नंबर आधीपासून घरातच बसेल होता बाबा. आता कडी आतून लावू का बाहेरून, मलेच समजून नाई राह्यलं."

तिला सगळं माहीत होतं असंही नाही. कोण कोणाला फोन करतं ते दिसतं म्हणे. काय बोलतात तेही ऐकतात म्हणे. कोण कुठं उभं आहे ते कळतं म्हणे. सगळं म्हणेच. नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही हे सांगणारा अख्ख्या तालुक्यात एक माणूस नाही, आणि विचारायला जावं तर विचारलं हेसुद्धा दिसत असेल. वाघ समोर उभा असला तर माणूस झाडावर तरी चढतो. इथं वाघ आहे की नाही हेच ठाऊक नाही, आणि तरी पाय उचलत नाहीत.

पडताळणी येईपर्यंत ग्रुप सोडायचा असं ठरलं. बापलेकीनं मिळून ठरवलं, पण बटण वामनरावांनी दाबलं. त्यांना काय माहीत, की ग्रुप सोडला की तो चालवणाऱ्याला ओळ दिसते. 'वामनराव यांनी ग्रुप सोडला.' त्यानं तिचं चित्र ग्रुपात टाकलं आणि पाचशे माणसांनी वाचलं. भरल्या पंगतीतून ताटावरून उठावं तसं ते झालं. ज्या आठवड्यात प्रसेनजितवर गुन्हा लागला त्याच आठवड्यात वामनराव ठाण्यात जाऊन आले आणि आल्या आल्या ग्रुप सोडला. गावानं दोन आणि दोन जोडले. उत्तमराव, इतक्या वर्षांचा शेजारी, दळण घेऊन जाताना दारासमोरून गेला आणि तुळशीकडं पाहत गेला. पोरं पारावर म्हणायची, ग्रुपातल्या गोष्टी ठाण्यात कशा पोचतात ते आता समजलं.

वामनराव ऐकत होते. खरं कोण ते त्यांना ठाऊक होतं. झेंडूचं फूल अजून तिथंच होतं, सगळ्यांच्या मधे, आणि गाव त्याला अजून कोणाचा तरी जावई समजत होतं. तोंड उघडावं तर पोरीचा कागद अडकतो. नाही उघडावं तर आपणच खबरे ठरतो. माणसानं करावं तरी काय, सांगा ना. ते ओट्यावर बसायचे बंद झाले.

जानरावचा फोन आला तो एका सकाळी. पडद्यावर नाव आलं, जानरावचा टोपीतला फोटो आला. फोन वामनरावांच्या हातात वाजत होता आणि प्रेरणा समोर भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवलं. वामनरावांनी फोन वाजू दिला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजायच्या आत त्यांनी तो बंद केला, ज्वारीच्या कोठीवर ठेवून दिला, वर फडकं टाकलं. प्रेरणानं दुसऱ्या नंबरचा बटणांचा साधा फोन आणून दिला. त्या नंबरावर फक्त ती आणि लाइटबिलवाले.

"कागद आला का पयले मोताळ्याले जाऊ बाबा," ती म्हणायची. "मी सोताहून काकाइच्या पाया पडीन."

ती रोज संगणकवाल्याकडं जाऊन पाहायची. 'प्रक्रियेत आहे.' दिवाळी गेली, कपाशी वेचून झाली. 'प्रक्रियेत आहे.'

पौष लागला असेल. वामनराव काठी टेकत गिरणीपर्यंत गेले होते. तिथं गीताबाई भेटली, बौद्धवाड्यातली, जानरावच्या शेजारची. पदर सावरत तिनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"भाऊ, काल तुम्ही नाई दिसले."

"कुठी?"

"मोताळ्याले." त्यांच्या तोंडाकडं पाहून तिच्या ध्यानात आलं. "म्हनजे तुमाले कोणी सांगतलं नाई?"

गावातून दोन गाड्या गेल्या होत्या. वामनरावांच्या दारावरूनच गेल्या, दुसरा रस्ताच नाही. बातमी ग्रुपात पडली होती, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होती. आणि जो ग्रुपात नाही त्याला सांगावं असं कोणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि जाऊ दिलं. गीताबाई सांगत राहिली: माणसं खूप होती, त्रिशरण झालं, प्रसेनजितनं फार वेळ थांबवून धरलं, कोणाची तरी वाट पाहत होता. "आन् भाऊ, ते साध्या कपड्यातले दोघं आल्ते तिथीबी. मोबाइलवर लोकाइचे फोटो काढून राह्यले होते. मातीतबी सोडत नाई हो."

वामनराव पीठ न घेताच घरी आले. उन्हं ओट्यावर आली होती. त्यांनी कोठीवरचं फडकं काढलं, फोन चार्जरला लावला आणि समोर बसून राहिले. प्रेरणानं विचारलं, त्यांनी सांगितलं. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला काय बोलायचं? पोरीचा दोष म्हणावा तर तिनं काय पाप केलं होतं, नोकरी मागितली होती.

फोन जिवंत झाला तसे तुंबलेले मेसेज यायला लागले. एक प्रसेनजितचा होता, फक्त त्यांना लिहिलेला.

'काका, बाबा पहाटे गेले. तुमचा फोन लागत नाही. गाठ वामनच मारेल असं बाबा शेवटपर्यंत म्हणत होते. दुपारपर्यंत थांबतो.'

वामनरावांनी तो वाचला. अंगठा सवयीनं पुढं आला आणि काचेवर टेकायच्या आधी थांबला. पहिल्यांदाच ते विचार करत होते, की अंगठा द्यावा की नाही. तीन एकरवाला प्रसेनजित, चौकशी चालू, कागद प्रक्रियेत. त्यांनी प्रेरणाकडं पाहिलं. ती मान हलवून 'द्या बाबा, द्या' म्हणत होती, रडत म्हणत होती. पण हजेरी लावायची कुठं? दुपार होऊन गेली होती, आणि ती कालची दुपार होती.

मग त्यांना सुचलं, की साध्या कपड्यातल्या त्या दोघांत त्यांच्या ओळखीचा एक माणूस हजर असणार. गावातल्या कोणाला विचारायची सोय उरली नव्हती, प्रसेनजितला विचारायला तोंड नव्हतं. हा एक होता. त्यानं जवळून पाहिलं असेल, फोटोही काढला असेल.

त्यांनी झेंडूचं फूल शोधलं. वर त्यांचेच जुने मेसेज होते, जेवले का, जेवले का, एकाखाली एक. जानरावनं शिकवलेली अक्षरं एकेक शोधत त्यांनी खाली लिहिलं, 'बाबू जानरावच्या तिरडीची गाठ कोणं मारली. घट होती का.'

दोन्ही रेघा लगेच निळ्या झाल्या. वामनराव फोन मांडीवर ठेवून उत्तराची वाट पाहत बसले.